वाळवलेला नमुना

हिशोब जुळला नाही की मला जेवण जात नाही. मद्रासच्या वीज-कारखान्यात कोळसा तपासण्यात पंधरा वर्षं गेली. लग्न राहून गेलं, मित्र राहून गेले, हिशोब मात्र एकही राहू दिला नाही.

आमच्या घरच्या मराठीत माझ्याशी बोलणारा एकच माणूस होता, मानाजी. कोळशाच्या यार्डाचा मुकादम, मूळचा आमच्यासारखाच तंजावरचा. बारा वाजता डबा घेऊन माझ्या प्रयोगशाळेत यायचा आणि येताना कोळशाचा नमुना आणायचा. बाकी अड्यारच्या खोलीत भिंतींशी बोलायला कुठलीच भाषा लागत नसे.

अठ्ठावन्नच्या मे महिन्यात इंजिनिअरसाहेबांनी कार्बनचा ताळा मागितला. बारा भाग कार्बन जळताना बत्तीस भाग ऑक्सिजन घेतो आणि चव्वेचाळीस भाग वायू होऊन चिमणीतून जातो. नायट्रोजन बिचारा आला तसाच बाहेर पडतो, त्याच्यावरून एकूण धूर किती ते काढता येतं. कोळशातून जेवढा कार्बन आत गेला, तेवढा धुरात आणि राखेत सापडायलाच हवा. मला शंभरातले नऊ भाग सापडेनात.

तीनदा गणित मांडलं. मग लिहून दिलं, की काट्यावर मोजलेला सगळा कोळसा भट्टीत पोचत नाही. काटा आणि भट्टी यांच्यामध्ये एकच जबाबदार माणूस होता. त्याला कामावरून थांबवलं.

जाताना तो दारात उभा राहिला. "सेतुराव, मला एकदां विचारायचं होतं की हो. मी नेलों नाही."

"आकडे खोटं बोलत नाहीत, मानाजी," मी म्हणालो. कसला माजलेला होतो मी.

तीन आठवडे एकट्याने जेवलो. नवा मुकादम नमुना पाठवायला विसरायचा, म्हणून एकदा चिडून मीच यार्डात गेलो. काट्यावर चढवण्याआधी दोन बाया ढिगावर घागरीच्या घागरी पाणी ओतत होत्या. धूळ उडते, उन्हाळ्यात नेहमीच ओततो, त्या म्हणाल्या. माझ्या हातातल्या कोळशातून पाणी गळत होतं. मानाजीचा नमुना तर कायम कोरडा असायचा, मी म्हणालो.

"ते तुमचा नमुना पत्र्यावर उन्हात वाळवायचे," त्यांतली थोरली म्हणाली. "सारांचं, म्हणजे तुमचं, पांढरं धोतर काळं होतं म्हणायचे."

काट्याने पाणीही कोळसा म्हणून मोजलं होतं आणि मी त्या वजनाला वाळलेल्या नमुन्याचा कार्बन लावला होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. एकदा यार्डापर्यंत चालत गेलो असतो, तर कळलं असतं.

त्याच दिवशी माझी चूक साहेबांना लिहून दिली. सोमवारी मानाजी कामावर आला. मी दोघांपुरता चिंचेचा भात करून नेला होता.

बाराला तो आला. ओल्या कोळशाची बादली टेबलावर ठेवली. काळं पाणी माझ्या धोतरावर ओघळलं. त्याने ते पाहिलं.

"सार, सॅम्पल," एवढंच म्हणाला. पुढचं, जातो म्हणून सांगणंही, तमिळमध्ये. मग यार्डातल्या कडुलिंबाखाली कामगारांत जाऊन जेवायला बसला. खिडकीतून मला त्याची पाठ दिसत होती.

मी नमुना तोलून प्रयोगशाळेतल्या छोट्या भट्टीत वाळवला आणि पुन्हा तोलला. शंभरात नऊ भाग पाणी. ते धरून महिन्याचं गणित मांडलं. ताळा तंतोतंत जुळला.

भात तसाच घरी नेला.