उरलेल्या गोळ्या

सुताराच्या हातून उरलेली वस्तू कधी फेकली जात नसे. फळीचे तुकडे, वाकडे खिळे, भुसा, आणि दाढ सुजली होती तेव्हाच्या अँटिबायोटिकच्या गोळ्यासुद्धा.

चार दिवसांपूर्वी कारखान्यात आसऱ्याला आलेलं कुत्र्याचं पिल्लू पोटरीला चावलं, तेव्हा त्याने जखमेत चिमूटभर भुसा दाबला, एक गोळी गिळली आणि ऐटीत म्हणाला, "झालं! जंतू आत शिरायच्या आधीच गार."

"सुई बघितली की तुमची गाळण उडते, ते सांगा की सरळ," बायको म्हणाली.

आज सकाळी ते पिल्लू फळ्यांच्या आडोशाला मरून पडलेलं सापडलं. तोंडाला फेस. परवापासून ते पाण्याकडे फिरकलंही नव्हतं, हे त्याला आत्ता आठवलं. त्याने बाटली तोंडाला लावली. घोट उतरला. पुन्हा लावली. उतरला, की अडकला? बायकोने ओढत दवाखान्यात नेईपर्यंत बाटली रिकामी झाली. तोंडाची कोरड तशीच.

"गोळी घेतलीय, डॉक्टरीणबाई. भारीतली."

"ती जीवाणूंना मारते. रेबीज हा विषाणू. तो तुमच्या गोळीला भीक घालत नाही. लसीचं काम वेगळं. ती तुमच्या शरीराला वैरी ओळखून त्याच्याशी लढायला शिकवते. पण शिकायला वेळ लागतो. एकदा पाण्याची भीती सुरू झाली, की लस देऊनही उपयोग नसतो."

"मग मी..."

"आत्ता पाणी प्यायलात ना? मग चला, जखम धुऊन लगेच सुरू करू."

जखमेच्या कडेने सुया टोचल्या, दंडात लस गेली. त्याने हूं की चूं केलं नाही.

"घरात आणखी कुणाला चावलं?"

"नाही," बायको म्हणाली.

सुताराने बायकोचा हात धरला.

"धाकटीला," तो पुटपुटला. "बोटाला. जरासंच. तू ओरडशील म्हणून बोललो नाही. तिलाही अर्धी गोळी दिली होती... साखरेतून."

बायकोने टोमणा मारला नाही. तेव्हा तो खरा घाबरला. ती तोवर दाराबाहेर पळत सुटली होती.

शाळेच्या नळाशी धाकटी मैत्रिणींशी खिदळत उभी होती. सुताराने धापा टाकत तिची ओंजळ नळाखाली धरली.

"पी."

"मला तहान नाही, बाबा."

"पी गं, राणी. एकच घोट."

नवराबायको श्वास रोखून तिच्या गळ्याकडे बघत राहिली. घोट उतरला. बायकोने तिला तशीच कडेवर घेतली आणि दवाखान्याच्या दिशेने धावत सुटली.