हाका मोजणारी

"आकडा चुकलाय मेल्या!" मी मशीनवर डाफरले आणि रक्ताची तीच नळी पुन्हा लावली. पुन्हा तोच आकडा. नमुना होता तिसऱ्या मजल्यावरच्या वेल्डरचा. महिन्यापूर्वी त्याला कुणा अनोळखी, गेलेल्या माणसाचं फुप्फुस बसवलं होतं.

अठ्ठावीस वर्षं मी प्रयोगशाळेत हेच करते. अंगात परकं काही शिरलं की एखादी पेशी इवलासा रेणू सोडते. तो शेजारणीला गाठतो, ती आणखी सोडते आणि बघता बघता सगळं अंग त्या परक्यावर चालून जातं. ना तोंड, ना आवाज, तरी हाक पोचते! त्या हाका मी मोजते. खरं सांगते, अजूनही थक्क होते. पण त्या दिवशी धसकाच घेतला. हाकांचा नुसता कल्ला चालला होता. असंच राहिलं तर फुप्फुस हातचं जाणार होतं.

रिपोर्ट पाठवला की माझं काम संपतं. पण राहवेना, वर गेलेच. डॉक्टर वेल्डरच्या बहिणीला विचारत होते, "घरून काही देता का?"

"देते ना!" तिने कौतुकाने डबा काढला. "प्रतिकारशक्तीची पावडर. दिवसातून तीनदा. एवढं ऑपरेशन झालंय, ताकद नको?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, डबा उचलला, औषधं वाढवली आणि गेले. समजावणं माझ्या गळ्यात पडलं.

"आक्का, त्याची ताकदच त्या फुप्फुसाच्या जिवावर उठलीय. गोळ्या तिला झोपवतात, तुम्ही उठवताय."

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच माझ्या भावाला..."

"रडू नकोस गं आक्के," वेल्डर धापा टाकत म्हणाला. "इतकी कडू होती, निम्मी तर मी बेसिनमध्येच ओतली."

ती रडता रडता हसली. मग तिने मला विचारलं, "ज्याचं हे फुप्फुस होतं, त्याचं नाव काय हो?"

"ते कुणालाच सांगत नाहीत."

चौथ्या दिवशी आकडा उतरला. शिपायाची वाट न बघता कागद घेऊन मी जिना चढले आणि दारातच थांबले. वेल्डर झोपला होता. आक्का त्याच्या छातीवर तळहात ठेवून हळू बोलत होती, पण भावाशी नव्हे.

"माफ कर हं. आमच्याच घरात तुला त्रास झाला. आता नाही होणार. राहा इथेच."

तिच्या हाताखाली छाती वर येत होती, खाली जात होती.