वहीनुसार मी ठणठणीत आहे

मी एक जुना गिनी पिग आहे. जुना म्हणजे चार वर्षांचा. या वयात आमच्यातले बहुतेक जण पणतवंडं बघून मोकळे होतात. मी मात्र परवापरवापर्यंत दर शुक्रवारी पिंजरा, वाटी आणि वही घेऊन एका नव्या घरी मुक्कामाला जात होतो.

मित्रांनो, माझा जन्म एका दुकानातल्या खोक्यात झाला. आम्ही सहा भावंडं एकमेकांना चिकटून झोपायचो. दिवस चांगले होते, म्हणून लवकर संपले. कोणीतरी मला मुलाच्या वाढदिवसाला नेलं आणि पंधरा दिवसांनी कोथरूडच्या एका शाळेला भेट देऊन टाकलं. अशा रीतीने मी चौथी ब मध्ये दाखल झालो आणि कधीच पास झालो नाही.

वर्गाच्या उल्काबाई मायाळू होत्या. यंदा त्यांनी ठरवलं, शनिवार-रविवार मी पाळीपाळीने एकेका मुलाकडे राहायचं आणि त्या घराने वहीत चार ओळी लिहायच्या. म्हणजे मुलांना जबाबदारीची जाणीव होते. मुलांचं ठाऊक नाही, मला झाली. चाळीस जणांचं बालपण आनंदी करायचं माझ्याकडे होतं आणि माझं वजन एक किलोसुद्धा नव्हतं.

पहिल्या घराने लिहिलं, ‘गोड आहे. छान खेळला. सगळं खाल्लं.’ दुसऱ्या घराने ते वाचून लिहिलं, ‘फारच गोड आहे. खूप छान खेळला. सगळं आवडीने खाल्लं.’ तिथून पुढे शर्यतच लागली. पाळी मुलांची, अक्षर आयांचं. एका घरी मला पाटावर बसवून ओवाळलं. एका घरचे यज्ञेश्वर आजोबा दोन्ही दिवस सकाळी विचारायचे, “अहो, आपण उंदीर की ससा, एकदा काय ते सांगून टाका.” एका घरी मला ऑनलाइन तबल्याच्या क्लासला बसवलं. सर म्हणाले, “तो शेवटचा मुलगा बघा, किती शांतपणे ऐकतोय.” मी घाबरून थिजलो होतो, मित्रांनो. आमच्यात घाबरल्यावर हलायचं नसतं. माणसं त्याला शहाणपणा समजतात.

खायला भिजवलेले बदाम असत, बिस्किटं असत, एका चतुर्थीला साबुदाण्याची खिचडीही होती. सुकं गवत मात्र कोणीच दिलं नाही. पाहुण्यापुढे गवत ठेवणं बरं दिसत नाही ना. आता आमचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. माझे वाढतच गेले. जानेवारीत ते जिभेला अडकायला लागले आणि तोंडात घास फिरेना.

माझं खाणं घटत घटत जवळजवळ बंद झालं. वहीत मात्र मी दर आठवड्याला खात होतो. वाटी भरलेली राहते हे प्रत्येक घराला दिसायचं, पण मागच्या घरी तर ‘सगळं खाल्लं’! मग आपल्याच घरी खाल्लं नाही, हे कोण लिहिणार? वाटी केराच्या डब्यात उपडी व्हायची आणि वहीत ‘चाटूनपुसून खाल्लं’ अशी भर पडायची. शाळेत प्रत्येकाला वाटायचं, दुसऱ्याने भरवलं असेल.

मग पाळी तनुजाची आली. तिने मला उचललं नाही, खेळवलं नाही, टोपी घातली नाही. फरशीवर पालथी पडून ती नुसती बघत राहिली. दोन दिवस. रविवारी संध्याकाळी म्हणाली, “आई, हा खात नाहीये.”

“प्रवासाने दमला असेल.”

“शाळा पुढच्या गल्लीत आहे, आई.”

तिने वही उघडली आणि तिरक्या अक्षरात लिहिलं, ‘तो खात नाही. हाडं लागतात. लाळ गळते.’

“तनू, खोड ते. आपल्याकडे आजारी पडला म्हणतील.”

“पडलाय.”

“आधीपासूनच असेल.”

“मग आधीच्यांनी का नाही लिहिलं?”

 आईने वही मागे चाळली. पहिल्या पानावर कोणीतरी हौसेने माझं वजन लिहिलं होतं, नऊशे ग्रॅम. आईने स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. पाचशे ऐंशी. ती म्हणाली, “गाडीची किल्ली दे.”

डॉक्टरांनी माझं तोंड उघडून पाहिलं आणि किती दिवस खात नाही ते विचारलं. आईने वही पुढे केली. त्यांनी ती शांतपणे वाचली. मग म्हणाले, “वहीनुसार हा ठणठणीत आहे. तुम्ही चुकून दुसरा उचलून आणलात का?” दात कापून झाल्यावर मात्र त्यांचा आवाज उतरला. “अजून दोन दिवस गेले असते, तर माझ्याकडे आणायचं कारण उरलं नसतं.”

उल्काबाईंनी पाळ्या बंद केल्या. पुढचा शुक्रवार अर्णवचा होता. टीव्हीच्या खोक्याचं दुमजली घर बांधून तो तयार होता. “तुझ्यामुळे सगळ्यांचं गेलं,” तो म्हणाला. महिनाभर तनुजाच्या डब्याला कोणी हात लावला नाही. मला ठेवून कोण घेणार, हा प्रश्न निघाला तेव्हा पालकांच्या ग्रुपवर एकदम शांतता पसरली. शेवटी तनुजाच्या आईने लिहिलं, “आमच्याकडे आजारी निघाला, आमच्याकडेच बरा होईल.” पुण्यात माणुसकी अशा सुरातही करतात.

आता मी इथेच राहतो. अर्णव एकदा कुरकुरत ते दुमजली घर देऊन गेला. मी वरच्या मजल्यावर अजून गेलेलो नाही. जाताना त्याने विचारलं, “मीपण असा एक आणू?”

मित्रांनो, मला बोलता येत नाही, म्हणून इथे सांगतो. एक आणू नका. आम्हाला आमच्यातलाच सोबती लागतो. मला चाळीस मुलं मिळाली आणि सोबती एकही नाही. आम्ही खेळणं नाही, पाहुणेही नाही. ज्याला तासभर हात न लावता बघत बसता येतं आणि दिसलं ते लिहिता येतं, त्यानेच आमच्या वाटेला यावं. घरच्या मोठ्यांनी काटा आणि किल्ली हाताशी ठेवावी.

वही अजून चालू आहे. गेल्या रविवारी तनुजाने लिहिलं, ‘वजन तीस ग्रॅम वाढलं. खेळत नाही. स्वभाव चिडका आहे.’

माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कोणी लिहिलं नव्हतं.