हात न पुरणारी जागा

सुट्टी मंजूर झाली असं पुजा राठोडनं फोनवर सांगितलं, तेव्हा साधनाला आधी खरंच वाटलं नाही. पुजा हिंगोली आगारात कंडक्टर, दिपा अकोल्याला संसारात अडकलेली. सेनगावच्या शाळेत तिघी एका बाकावर बसायच्या. तेव्हापासून कुठंतरी मिळून जायचं चाललं होतं, ते शेवटी संक्रांत झाल्यावर जमलं.

जायचं होतं साखऱ्याला. तिथल्या भागवतनं शेतात विहीर खोदली, तर पाण्याच्या आधी पोकळ गोटे लागले. फोडले की आत जांभळे स्फटिक. त्यानं मलब्याचा ढीग तसाच ठेवला आणि येणाऱ्या पाहुण्यांच्या हाती हातोडा-छन्नी देऊ लागला. दगड फोडून अंग आंबणारच, म्हणून त्याच्या बायकोनं, शिवकन्येनं, बायांसाठी पत्र्याच्या आडोशाला सिमेंटचे हौद बांधून घेतले. निर्गुडीचा पाला टाकून उकळलेलं पाणी त्यात सोडायचं आणि वर तेलाची मालिश. फाट्यावरच्या पाटीवर तिनं ठसठशीत अक्षरांत 'स्पा' लिहून घेतलं होतं.

"मला वाटलं एसी असंल," पाटी वाचून दिपा म्हणाली.

"साखऱ्याच्या थंडीत एसी कशाला पायजे तुला?" पुजा म्हणाली, आणि तिघी रस्त्यातच हसत उभ्या राहिल्या.

दुपारपर्यंत त्यांनी ढीग उकरला. पुजानं पदर खोचून पहार हाती घेतली ती खाली ठेवलीच नाही. दिपाला मात्र प्रत्येक दगड पोकळ वाटायचा.

"ह्यो बघ, वाजून राहिला!"

"तुझ्या बांगड्या वाजून राहिल्या, दिपे."

साधनाच्या हाती नारळाएवढा गोटा आला. तिनं छन्नी लावून हळूहळू ठोकलं, तसे त्याचे दोन तुकडे झाले. आत जांभळ्या रंगाची बारीक टोकं गच्च उभी होती. तिनं बोट आत घातलं. गार लागलं. किती काळ हे असं आत बंद होतं आणि कुणाचं बोट त्याला लागलं नव्हतं, असं तिच्या मनात आलं. दिपानं फोटो काढायला फोन वर केला, तेव्हा ती हसली.

ऊन कलायला लागलं तशी शिवकन्येनं हाक मारली. पाणी तापलं होतं. परकर छातीशी बांधून तिघी हौदात उतरल्या. वाफेला निर्गुडीचा उग्र वास होता. दिपानं डोळे मिटले, पुजा गळ्यापर्यंत बुडाली. शिवकन्या तेलाची वाटी घेऊन साधनाच्या मागं बसली आणि तिच्या पाठीवर दोन्ही तळवे टेकवले.

साधना एकदम आखडली.

"दुखून राहिलं का, ताई?"

"न्हाई. चालू द्या."

हात मणक्यावरून वर गेले, खांद्यांवर फिरले, परत खाली आले. साधनाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आधी तिला वाटलं वाफ असेल. मग हुंदका आला आणि तो काही आवरेना. शिवकन्येनं वाटी काठावर ठेवली आणि सरपण बघायचं निमित्त काढून बाहेर गेली.

"काय झालं गं?" पुजा पाणी कापत जवळ आली.

"मधात हात पुरत न्हाई माझा," साधना म्हणाली. "पाठीवर. खालून पुरत न्हाई, वरून पुरत न्हाई. हे होते तवा चोळून द्यायचे. आता तेवढी जागा तशीच राहून जाते."

तिचा नवरा व्यंकटराव गेल्याला काही वर्षं झाली होती. लेक लग्न होऊन परभणीला गेली. डोंगरकडा गावातल्या घरात आता साधना, तिचं शिवणकाम आणि सासू मंजुळाबाई एवढंच उरलं होतं.

मग दिपानं हळूच विचारलं, "रामकिशनचं काय झालं?"

रामकिशन कळमनुरीचा, शिलाई मशीन दुरुस्त करणारा. त्याची बायको आजारपणात गेलेली. तो साधनाला ताई म्हणायचा. एक दिवस त्यानं ताई म्हणणं सोडलं, आणि पुढं काय येणार ते तिला तेव्हाच कळलं. दिवाळीआधी त्यानं सरळ लग्नाचं विचारलं. आतल्या खोलीत सासू पडून होती. साधना दारात उभी राहून खालच्या आवाजात 'न्हाई' म्हणाली. तेव्हापासून तो आला नव्हता. मशीन मात्र उगाचच बिघडावी असं तिला रोज वाटायचं.

"मनात व्हय होतं?" पुजानं विचारलं.

साधनानं होकाराची मान हलवली.

"मग फोन लाव."

बाहेर येऊन, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून, बाजेवर बसून तिनं फोन लावला. दोघी दोन बाजूंना बसल्या. त्यानं लगेच उचलला.

"बोला, साधनाताई."

ताई हा शब्द ऐकला आणि पुढचं तिला ऐकायची गरजच उरली नाही. तरी तिनं ऐकलं. पुसदची मुलगी होती, नात्यातली. फाल्गुनात लग्न.

"तुमी एकदा न्हाई म्हणल्यावर परत इचारणं बराबर वाटलं न्हाई मला," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "काही काम होतं का?"

"मशीन आवाज करून राहिली होती. पण आता ठीक झाली," साधना म्हणाली. "सुखी राहा."

तिनं फोन ठेवला. दिपा चिडली. "थोडी कळ काढता आली न्हाई त्याला?"

"काहून काढावी? मी तोंडानं न्हाई म्हणले होते."

दुसऱ्या दिवशी कनेरगाव नाक्यावर दिपाची अकोल्याची गाडी लागली. चढताना दिपानं साधनाला घट्ट मिठी मारली आणि बराच वेळ सोडलंच नाही. शेवटी कंडक्टरनं घंटी दिली, तेव्हा पुजाच त्याच्यावर ओरडली, "थांब रे जरा! मी पण कंडक्टरच हाय!"

साधना डोंगरकड्याला पोचली तेव्हा मंजुळाबाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या.

"रामकिशनचं ठरलं म्हणं," त्या वर न पाहता म्हणाल्या. "बाजारात कळलं."

"व्हय, आत्याबाई."

"बरं पोरगं होतं. मला वाटलं, तू करशील."

साधना पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली. "तुमाला चाललं असतं?"

"मला काय धाड भरली व्हती? मी त आतून कान लावून बसले व्हते. तू न्हाई म्हणालीस. म्हणलं, हिलाच नको असंल."

"मी तुमच्यासाठी न्हाई म्हणले."

मंजुळाबाईंचे हात थांबले. त्यांनी सुनेकडं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू ओढल्यासारखा झाला.

"मग मला इचारलं काहून न्हाई, बाई?"

"तुमी तरी बोललात कुठं?"

रस्त्यावरून कळमनुरीची गाडी गेली. साधनाचे डोळे गाडीच्या मागं गेले आणि धूळ खाली बसेपर्यंत तिकडंच राहिले. मग मंजुळाबाईंनी सुपातल्या शेंगा एका बाजूला सारल्या आणि आपल्या शेजारची जागा हातानं झाडली.

"ये, बस," त्या म्हणाल्या.

साधना बसली.