महाडी कुणाच्या घरात?

मी डिक्शनरी बोलतेय गो. शाळेतलं जाडं पुस्तक नाय, कॉम्प्युटरातली, पायथन भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्यांची. एका बाजूला नाव ठेवायचं, दुसऱ्या बाजूला त्याचा माल. पावणे येतील तशी पंगत वाढते ना, तशी मी वाढते.

माजा जन्म वैशाखरे गावात, कुणालीच्या लॅपटॉपात. तिची आजी काशी. काशीच्या आईनं तिला लाल महाडी भाताचं बी दिलेलं, ते ती वर्साला पेरायची. औंदा उंदरांनी बियाचा पेंढ्यात बांधलेला मुडा फोडला नि बी फस्त केलं. बाजारात ते मिळत नाय. यंदा पेरलं नाय तर घरातून महाडी गेलीच.

कुणालीच्या कॉलेजातल्या पोरींनी दिवाळीत आपापल्या गावाची फाईल केलेली. कुणाकडं कुठलं भात, एवढंच. कुणालीनं सगळ्या फायली माज्यात ओतल्या. भाताचं नाव इकडं, घर तिकडं. मग इचारलं, महाडी कुणाकडं?

मी ऐटीत दाखवलं : वैशाखरे, काशी.

काशी म्हनाली, "मेली तुजी मशीन. उंदरांना इचारलं असतंस तर त्यांनी पन हेच सांगितलं असतं."

मी हसले. माजे दात कुणाला दिसतायत?

कुणालीनं कोलम इचारून बघितला. मी एकच घर दाखवलं. "आजी, कोलम तर घरोघरी हाय. बाकीची घरं कुठं गेली?"

कुठं जातील? एका नावाला मी एकच घर ठेवते. दुसरं आलं की पैलं गुपचूप बाहेर. वैशाखऱ्याची फाईल शेवटी वाचली, म्हनून काशीनं बाकीच्यांना हुसकून लावलेलं.

कुणालीनं मग दर नावापुढं एक लिस्ट मांडली नि सगळ्या फायली परत ओतल्या. आता नवं घर आलं की जुन्याच्या शेजारी बसतं. परत इचारलं.

सापगाव, देवकी. वैशाखरे, काशी.

काशीनं लगेच फोन लावला. "देवकीबाय, तुजी महाडी हाय का उंदरांनी नेली?"

"हाय गो. पन फुकट नाय द्यायची. पिकली की पेज प्यायला बोलवायचं."

आज काशीच्या राबावर, भाजून केलेल्या वाफ्यात, महाडीचं रोप हिरवंगार उभं हाय. काशी लॅपटॉपवर टकटक करते, "म्हातारे, हायस का?"

चालू केलंत तर हाय, बंद केलंत की रिकामी. फायली हायेत, परत भरा गो पोरींनो. फकस्त नवं घर आलं म्हनून जुन्याला उठवू नका, सरकून बसवा. आनि काशीचं नाव ऱ्हाऊ द्या. तवा ते खोटं होतं, आता खरं झालंय.