शंभरातली एक कडी

मित्रांनो, गावच्या तंटा समितीच्या खोलीत, खिडकीशेजारी खिळ्याला टांगलेली गंजकी साखळी दिसते ना, ती मीच. जमीन मोजायची जुनी साखळी. हसू नका. एके काळी मला बघून भांडणारी माणसं गप्प बसत.

शंभर कड्या, दर दहा कड्यांना एक पितळी खूण, दोन टोकांना दोन मुठी, असा माझा थाट होता. मी आले तेव्हा मोजणीदाराने अंगणात दोन दगड पक्के रोवले, नेमके माझ्या लांबीच्या अंतरावर. मोजणीला निघण्याआधी मला त्या दगडांमध्ये ताणून बघायचं, असा नियमच होता. किती बांधांचे तंटे मी मिटवले! कोर्टाची पायरी न चढता माणसं घरी गेली. समितीच्या प्रमुख मास्तरीणबाई म्हणत, "माणूस काय हवं ते बोलेल, लोखंड खोटं बोलत नाही." मी अगदी फुगून जायचे.

मग एकदा ट्रॅक्टरचं चाक माझ्यावरून गेलं आणि एक कडी तुटली. लोहाराने ती फेकून दिली आणि शेजारच्या दोन कड्या एकमेकींत अडकवल्या. "शंभरातली एक गेली तर काय आभाळ कोसळतं?" म्हणाला. कुणाला सांगितलंही नाही. मी वीतभर आखूड झाले.

दुसऱ्याच दिवशी दोन बहिणींचा तंटा आला. वडिलांनी शेत दोघींना वाटून दिलेलं; थोरलीचा वाटा कागदावर पंधरा साखळ्या रुंद. हद्दीचा दगड नांगरताना उखडला, आणि बांध नेमका कुठे यावरून वाद पेटला. थोरलीचा आड बांधापासून पाऊलभर अंतरावर होता. तो तिने नवऱ्याबरोबर स्वतः खणला होता. नवरा गेला, मूलबाळ नाही; त्या पाण्यावरचा भाजीचा मळा, तेवढंच तिचं पोट.

ऊन चढत होतं. "कालच तर दुरुस्त करून आणली," म्हणत मोजणीदाराने मला दगडांमध्ये ताणलंच नाही. थोरलीच्या कोपऱ्यापासून पंधरा वेळा मला अंथरलं. दर वेळी एक वीत कमी. शेवटी हद्द आडाच्या अलीकडेच संपली आणि आड धाकटीच्या वाट्याला गेला.

"बाई, बांध इथे नव्हता हो," थोरली म्हणाली. "माझी पावलं मला ठाऊक आहेत. दुसऱ्या बाजूनेही मोजा की."

"तिकडे उभं पीक आहे," मोजणीदार म्हणाला.

मास्तरीणबाईंनी वहीत निकाल लिहिला. थोरलीने अंगठा दिला, कारण समितीचा शब्द गावात कुणी मोडत नसे. मला ओरडावंसं वाटत होतं. लोखंडाला कुठली जीभ?

धाकटी आधी म्हणाली, "ताई, पाणी ने की गं." पण ताईचा ताठा मोठा. "माझ्याच आडाचं पाणी तुझ्याकडे मागू? मेले तरी नाही!" मग धाकटीनेही रागाने कुंपण घातलं. मळा वाळला. थोरली ओढ्यावरून घागरी वाहत राहिली. दुसऱ्या उन्हाळ्यात ती ओढ्याच्या काठावरच पडली, ती उठलीच नाही.

तोवर पुन्हा मोजणी निघाली नव्हती. पुढे नवा मोजणीदार आला. त्याने नियमाप्रमाणे मला दगडांमध्ये ताणलं, आणि मी पोहोचलेच नाही. मास्तरीणबाई जमिनीवर बसून एकेक कडी मोजत गेल्या. नव्व्याण्णव. पुन्हा मोजल्या. मग वही उघडली. जुन्या निकालाखाली त्यांनी लिहिलं, "चूक समितीची. थोरली खरं बोलत होती." आणि वही घेऊन धाकटीकडे गेल्या.

धाकटीने कुंपण उपटलं, हद्दीचा दगड जुन्या जागी रोवला. म्हणाली, "बाई, ताईचा आड ताईला दिला. आता पाणी काढायचं कुणी?"

मित्रांनो, गावाने समिती मोडली नाही, ते बरंच केलं. तंटे घरात कुजण्यापेक्षा चारचौघांत मिटलेले चांगले. माझं मागणं एवढंच आहे: आधी मला मोजा, मग जमीन मोजा. आणि कुणी माझ्याविरुद्ध बोललं, तर त्याचंही ऐकून घ्या.

खिडकीतून मला ते दोन दगड रोज दिसतात. त्या सकाळी तिथवर जायला वीस पावलंसुद्धा लागली नसती.