पेंढीचा नेम

"पेंढी हातानं नाई, नजरेनं फेकाची रे यादो."

बापाचा हा आवाज यादोरावाच्या कानात चाळीस वर्षं मुरला होता. त्याच भरवशावर त्याने परह्याची, भाताच्या रोपांची, पेंढी फेकली, आणि चंद्रभागाबाईच्या पुढ्यात पडायची ती थेट तिच्या पाठीवर आदळली.

"काहून भाऊ, परे सोडून आता मलेच रोवता का बांधीत?"

रोवणाऱ्या बाया खदखदल्या. रुखमिणी, त्याची बायको, तेवढी हसली नाही.

"हात निसटला," यादोराव म्हणाला. सकाळपासून तिसऱ्यांदा.

सिहोऱ्याच्या शिवारात रोवणा, म्हणजे भाताची लावणी, असला की पेंढ्या फेकायला यादोरावालाच बोलावणं येई. बाईने वाकल्या वाकल्या हात लांबवावा आणि पेंढी तिथेच असावी, असा त्याचा नेम. गेल्या पोळ्यापासून डाव्या डोळ्यापुढे धुकं साचलं होतं. त्याने ते घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की काम काढून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसवतील. शिवाय उजव्याने सारं दिसतच होतं. लुगड्यांचे रंगसुद्धा. मग नेम का चुकावा, ते त्याला उमगत नव्हतं.

धुऱ्यावर त्याच्या लेकीने, उर्वशीने, तिपाईवर कॅमेरा लावला होता. नागपूरच्या कॉलेजातलं तिचं काम: रोपांची उंची आणि अंतर मोजायचं.

"बाबा, या न इकडे."

पडद्यावर दोन चित्रं होती. एकात बांधी, समोरचं भाताचं खाचर, होती तशी हिरवी. दुसऱ्यात जवळचं लाल, दूरचं निळं.

"हे काय, होळी खेळली का बांधीनं?"

"याले दोन डोळे हायत, बाबा. दोन्ही मिळून कोण किती दूर हाय ते काढते. रंगाची काच येगळी." तिने डाव्या काचेवर बोट ठेवलं. लाल-निळं चित्र काळं पडलं. हिरवं तसंच राहिलं. "पाहा. रंग जसाच्या तसा, पण जवळ-दूर काही समजून नाई राहिलं याले."

"काढ बोट."

चित्र भरलं.

"ठेव."

पुन्हा काळं. यादोरावाने हळूच तळहाताने स्वतःचा डावा डोळा झाकला. शिवारात काहीच बदललं नाही.

"मंग यात चूक त्याची नाई म्हणाची," तो म्हणाला.

"त्याची काहून? डोळा झाकला न."

त्याच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. तो चक्क हसला.

"भाऊ, फेका न! कंबर मोडली आमची," चंद्रभागाबाई ओरडली.

यादोरावाने पेंढी उचलली, चिखलात उतरला आणि पोटऱ्यांइतक्या गाळातून चालत जाऊन ती तिच्या हातात दिली.

"अगो बाई! आज हातात? लय मान देऊन राहिले."

रुखमिणी कमरेवर हात ठेवून सरळ झाली. यादोराव तिच्याकडेच पाहत, पण साऱ्या ओळीला ऐकू जाईल असं म्हणाला,

"हात नाई निसटत माहा. गेल्या पोळ्यापासून डाव्या डोळ्यानं दिसतच नाई मले."